आई बोलायला लागली

आईने बाबांना पहिल्यांदा 'मास्तर' म्हटलं तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. रविवारची सकाळ होती. टेबलावर द्रोणात खव्याची जलेबी होती, काळसर, जाड, पाकाने जड झालेली. जबलपूरच्या बाहेर ती तशी मिळत नाही. बाबा दर रविवारी स्वतः जाऊन ती आणत आणि हलवायासमोरसुद्धा तिला 'जिलबी'च म्हणत. दादा पुण्याहून सुट्टीवर आला होता. आईने बाबांच्या पुढ्यात चहा ठेवला, जरा मागे सरकली, हाताची घडी घातली आणि म्हणाली, "मास्तर, मी जाऊ काय घरी?" बाबा शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत. ते खो खो हसले. "बघा, इतक्या वर्षांनी बायकोनेही मला मास्तर मानलं," म्हणाले. दादा हसला, मी हसले. आईने आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि मग तीही हसली. ते उशिरा आलेलं हसू आज मला स्पष्ट दिसतं. तेव्हा मी द्रोणातली शेवटची जलेबी दादाच्या आधी उचलण्यात गुंतले होते.

आम्ही दीक्षितपुऱ्यात राहायचो, वरच्या मजल्यावर, भाड्याच्या घरात. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या शुक्ला चाची त्यांच्या खिडकीतून आमच्या खिडकीत लोणच्याची वाटी देत. सकाळी देवळाच्या भोंग्यावर भजन, मग भाजीवाल्याची हाक, मग शाळेच्या रिक्षांची पोंपों. दुपारी कुणाच्या तरी शिलाई मशीनची घरघर, आणि संध्याकाळी सगळ्या घरांतून एकदम सुरू होणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या. दाराबाहेर सगळं हिंदी होतं. दाराच्या आत मराठी, आणि तीही बाबांची. आमचे पूर्वज मराठ्यांच्या काळात कुणा सरदाराबरोबर कारकून म्हणून या मुलखात आले, असं बाबा सांगत, आणि इतक्या पिढ्या हिंदीत राहूनही आपल्या घराने मराठी मळू दिली नाही याचा त्यांना फार अभिमान होता. तोंडून 'अच्छा' निघालं की लगेच, "अच्छा नव्हे, बरं." 'चलो' म्हटलं की, "चला." चपला काढाव्यात तशी आम्ही भावंडं दारात हिंदी काढून ठेवायचो. बाबा वाईट नव्हते. पगार आईच्या हातात देत, पानतंबाखूसुद्धा नाही, गॅसच्या रांगेत स्वतः उभे राहत. आवाज कधी चढवत नसत. चूक दुरुस्त करताना तर आवाज आणखी खाली आणत. गावातल्या मराठी मंडळात सगळे त्यांना 'सर' म्हणत, आणि कुणाच्या घरची लग्नपत्रिका छापायला जायच्या आधी त्यांच्या नजरेखालून जात असे.

आई विदर्भातल्या अचलपूरच्या बाजूच्या एका खेड्यातली. तिचं माहेरचं नाव वच्छला. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत बाबांनी ते 'वत्सला' छापून घेतलं. "बदललं नाही, शुद्ध केलं," असं ते पाहुण्यांना सांगत आणि सांगताना आईकडे बघत. ती लग्न होऊन आली तेव्हा 'मले-तुले' बोलायची, 'काहून' म्हणायची, 'येऊन राहिली' म्हणायची. खरं तर जबलपुरातली निम्मी मराठी घरं असंच काहीसं बोलतात. दुसऱ्या कुठल्याही घरात तिचं बोलणं खपून गेलं असतं. आमच्या घरात ते बंद झालं. माझ्या आठवणीत तरी मी तिच्या तोंडून कधी 'मले' ऐकलं नव्हतं. ती बेताची, लहान लहान वाक्यं बोलायची, ओल्या फरशीवरून चालावं तशी. पाहुणे आले की बहुतेक वेळ आतच असायची. आई स्वभावाने अबोल आहे असं आम्ही धरून चाललो होतो. स्वयंपाकही बाबांच्या घरच्या पद्धतीचा: गोड्या मसाल्याची आमटी, अळूवड्या, साखर घातलेली कोशिंबीर. गोळाभात, म्हणजे बेसनाचे तिखट गोळे भातात वाफवून वर लसणाच्या फोडणीचं तेल ओतायचं, तो मी पहिल्यांदा सुमनमावशीकडे खाल्ला. घरी आल्यावर आईला म्हटलं, तू का करत नाहीस? ती म्हणाली, "आपल्याकडे तो करत नाहीत." 'आपल्याकडे' म्हणजे कुठे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

त्या रविवारनंतर वर्षभरात एकेक गोष्ट सुटत गेली. आमटीत मीठ दोनदा पडू लागलं, मग अजिबात पडेनासं झालं. मंडईत जाऊन ती कोथिंबीर न घेता परत आली आणि दारात बराच वेळ उभी राहिली, कारण बेल कुठे आहे हे तिला सापडेना. पोळ्यांचा डबा पलंगाच्या गादीखाली निघाला. विचारलं तर म्हणाली, चोरी होते. ती जेमतेम पन्नाशीची होती, म्हणून आम्हाला ते आजारपण वाटलंच नाही. दमली असेल, चाळिशीनंतर बायकांचं होतं असं, असं सगळे म्हणाले. आता मी स्वतः त्या वयाच्या फार लांब नाही. गॅस बंद करायला विसरले की माझी मुलगी माझ्याकडे बघते आणि मी तिचं ते बघणं बघते. म्हणूनच हे शब्द हाताशी आहेत तोवर लिहून काढते आहे. बाकीच्या आठवणी गेल्या तरी चालतील. ही जाऊ नये.

नेपिअर टाऊनमधल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि डिमेन्शिया हा शब्द सांगितला. बाबांनी त्यांना तो दोनदा उच्चारायला लावला. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, "सर, एक ही बात कहूँगा। उनसे बहस मत कीजिए। वो जहाँ हैं, आप वहाँ चले जाइए।" जिना उतरताना बाबा मला म्हणाले, "म्हणजे काय, खोटं बोलायचं?" दादाने पुण्याहून फोनवर सांगितलं की रोज बदाम भिजवून द्या आणि तिला शब्दकोडी सोडवायला बसवा, मेंदूला व्यायाम होतो. त्याचा मोबाईल नवा होता, मिनिटामिनिटाला पैसे पडत, बोलणं लवकर आटपायचं असे. मला त्या वर्षी नागपूरला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. जाऊ नकोस, असं कुणी म्हटलं नाही. दादा येईल का, असंही कुणी विचारलं नाही. वसतिगृहात खोली घ्यायची तारीख येऊन गेली आणि त्या दिवशी बाबा जेवताना एवढंच म्हणाले, "भातात खडा आहे." मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. माझ्या वर्गातल्या मुली ग्वारीघाटावर नावेत बसून फोटो काढत होत्या आणि मी आईच्या केसांतली गुंत सोडवत होते, कारण ती कंगवा पाहिला की डोकं दोन्ही हातांनी धरायची.

आई रोज थोडी बदलायची, आणि काल जे चाललं ते आज चालेलच असं नसायचं. आरशात तिला कुणी परकी बाई दिसायला लागली, तेव्हा मी कपाटाच्या आरशावर चादर टाकली. बाबा रोज सकाळी ती काढत. "घरात कुणी गेलंय का, आरसा झाकायला?" ते फिरायला गेले की मी पुन्हा टाकायची. न्हाणीघरात ती पाय ठेवीना. मग मी तिला 'नदीवर चल' म्हणून गच्चीत उन्हात बसवायला लागले, आडव्या साड्या बांधून. आधी पायांवर पाणी, मग गुडघ्यांवर, आणि डोक्यावर अगदी शेवटी. दिवेलागणीला ती पिशवी घेऊन दारात उभी राहायची. "घरी जायचं." हेच घर आहे म्हटलं की रडायची, मारायलाही धावायची. एकदा मी कंटाळून म्हटलं, चल. दोघी गल्लीला वळसा घालून, देवळावरून, पानाच्या टपरीवरून परत आलो. जिन्यापाशी मी म्हटलं, "आलो घरी." तिने वर पाहिलं आणि मुकाट्याने चढली. शुक्ला चाची खिडकीतून आपल्या बुंदेलीत, लेकीला हाक मारावी तशा विचारायच्या, "काए बिन्नी, अम्मा घूम आईं?" रोज संध्याकाळी आम्ही तशा घरी जायला लागलो.

सगळ्यात अवघड होती ती तिची माय. माझी आजी मी लहान असतानाच गेली होती. आई दुपारी अस्वस्थ व्हायची आणि विचारायची, "माय काहून नाही आली अजून?" पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा मी चमकले. काहून. आमच्या घरात! बाबा पलीकडे पेपर तपासत होते. ते उठून आले, तिच्यासमोर बसले आणि शांतपणे म्हणाले, "वत्सला, 'काहून' नव्हे, 'का'. आणि तुझी आई बारा वर्षांपूर्वी वारली. आपण दोघं गेलो होतो, आठवतं?" आईचं तोंड उघडंच राहिलं. मग ती जी रडली, ती आजच निरोप आल्यासारखी. छाती पिटून, भिंतीला डोकं लावून. तासाभराने विसरली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा विचारलं. बाबांनी पुन्हा खरं सांगितलं. माझ्या आईने आपली आई अशी कित्येकदा गमावली, आणि प्रत्येक वेळी बाबा तिला पाणी आणून देत, पाठीवर हात ठेवत, आणि मला म्हणत, "सत्य पचवायची सवय व्हायला हवी तिला."

बाबा शाळेत गेलेले असताना एका दुपारी मी प्रयोग केला. तिने विचारलं, माय काहून नाही आली, आणि मी म्हटलं, "येऊन राहिली. वावरात गेली ना, येऊन राहिली." माझ्या तोंडाला ते शब्द नवे होते, कॉलेजात नागपूरकडच्या मुली बोलायच्या त्यावरून उचललेले. आईने माझ्याकडे निरखून पाहिलं. मग तिचे खांदे खाली आले. म्हणाली, "हाव? मंग बस तू. उभी काहून हाये सुमे?" सुमी म्हणजे सुमनमावशी, तिची धाकटी बहीण. मी बसले. आणि आई बोलायला लागली. दुपारभर बोलत होती. विहिरीवरच्या भांडणाबद्दल, कुणाच्या तरी वेड्या गाईबद्दल, जत्रेत हरवलेल्या पैंजणाबद्दल. इतकं सलग बोलताना मी तिला जन्मात ऐकलं नव्हतं. हातवारे करत होती, नकला करत होती, माझ्या मांडीवर थापा मारून हसत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. आजाराने माणूस हरवतं असं सगळे सांगतात. माझी आई मला आजारात पहिल्यांदा भेटली, आणि त्याचा आनंद व्हायच्या आधी मला राग आला. ही बाई इतकी वर्षं कुठे होती?

मग मी मावशीला फोन करकरून ती बोली शिकले. काय म्हणायचं, कसं म्हणायचं, त्यांची माय पोरींना उठवताना काय हाक मारायची. 'वत्सला' म्हटल्यावर आई वळूनही बघत नसे. 'वच्छे' म्हटलं की "ओ" यायची. जेवण सोडलं होतं तिने, घास तोंडात धरून बसायची. मावशीने गोळाभाताची रीत सांगितली, मी केला, तेलाची फोडणी वर ओतली तशी आई पलंगावरून उठून स्वयंपाकघरात आली. हाताने कालवून, बोटं चाटत खाल्ला. त्या दिवशी घरात लसणाचा वास भरून राहिला होता. बाबा शाळेतून आले, दारातच थबकले. "हे काय शिजवलंस?" मी म्हटलं, "आई जेवली." ते म्हणाले, "जेवली हे चांगलंच झालं. पण तिच्याशी तू ते जे बोलतेस ना, ते थांबव. आजाराला आपण खाली खेचायचं नाही, तिला वर आणायचं." त्यांना खरंच तसं वाटत होतं. ते रोज तासभर तिला समोर बसवून तिची मराठी वर आणत. तो तास संपला की आईची साडी मांडीवर मुठीत धरून चुरगळलेली असायची आणि खालून ओली असायची. मी ती बदलायची, आणि त्याबद्दल आमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नसे.

बाबा निवृत्त झाले तेव्हा मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. आईला नेऊ नका, असं मी म्हटलं. हात जोडून म्हटलं. बाबा म्हणाले, "सपत्नीक सत्कार आहे. खुर्ची रिकामी ठेवू? लोक विचारतील." पाचला सुरुवात होती, म्हणजे मध्येच तिची घरी जायची वेळ होणार. मी तिला मोतिया रंगाची साडी नेसवली, 'लग्नाले चाललो' म्हणून समजूत घातली. ती खूश होती. सभागृहात पंखे, गुलाबपाणी, बटाटेवड्यांचा वास, ओळखीचे चेहरे. भाषणं झाली. सरांनी या शहरात मराठी जिवंत ठेवली, असं प्रत्येक जण म्हणाला. आई व्यासपीठावर खुर्चीत नीट बसली होती. मी पहिल्या रांगेतून तिच्याकडे बघून मान हलवत होते, ती मला बघून मान हलवत होती. वाटलं, निभावलं.

मग पटवर्धनकाकू तिची ओटी भरायला आल्या. त्या मंडळाच्या अध्यक्ष. नारळ, तांदूळ, खण आईच्या ओटीत घातले आणि हौसेने माईक तिच्यासमोर धरून म्हणाल्या, "वत्सलावहिनी, आज तरी एक नाव घ्या हं सरांचं!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. आईने माईककडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि म्हणाली, "मले नाही येत."

सभागृह हसलं. त्यात काही वाईट नव्हतं, कौतुकानेच हसले. पण बाबांची सवय. ते शेजारच्या खुर्चीतून तिच्याकडे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "मले नव्हे. मला." माईक समोरच होता. सगळ्यांना ऐकू गेलं. सर ते सरच, म्हणून लोक आणखी मोठ्याने हसले.

आई उठून उभी राहिली. ओटीतला नारळ खाली पडून गडगडत गेला, तांदूळ सांडले. तिने उजवा हात पुढे केला, तळवा वर करून, अगदी सरळ. डोळे घट्ट मिटले. आणि म्हणाली, "मला. मला. मला. चुकलं मास्तर. आता नाही म्हणणार. जोरात नका मारू."

कुणी हसलं नाही. आई तशीच उभी होती, हात पुढे करून, वाट बघत. मार मिळाल्याशिवाय हात खाली घ्यायचा नसतो, हे तिला माहीत असल्यासारखी. बाबांनी माईक घेतला आणि म्हणाले, "शाळेतलं काहीतरी आठवतंय तिला. जुन्या काळचे शिक्षक कडक असत." लोकांचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी व्यासपीठावर चढले, तिचा तो हात माझ्या दोन्ही हातांत धरला. घामाने थंड पडला होता. म्हटलं, "चाल वच्छे, घरी जाऊ." ती म्हणाली, "सुट्टी झाली?" मी म्हटलं, "हाव, झाली."

ऑटोत आई मध्ये बसली होती, वाऱ्याने खूश. बाबांच्या मांडीवर शाल आणि सन्मानचिन्ह. सिव्हिक सेंटरचे दिवे मागे पडल्यावर ते म्हणाले, "हे तुझ्यामुळे झालं, अनघा. तू तिच्याशी तसं बोलतेस, म्हणून ती तिकडे गेली. मी तुला सांगत होतो." आई रस्त्यावरच्या मंगोड्यांच्या, म्हणजे मुगाच्या भज्यांच्या, गाड्या बघून बोट दाखवत होती.

पुढच्या आठवड्यात सुमनमावशी आली. आईच्या पायांना तेल लावत बसली होती तेव्हा मी तिला विचारलं, "मावशी, तुमच्या शाळेत मास्तर फार मारायचे का? 'मले' म्हटल्यावर?" मावशीचे हात थांबले. "आमच्या शाळेत? अवो, आमचे मास्तर आमच्याच गावचे. ते सोताच 'मले' म्हणत. त्याच्यासाठी मारते कोण? अन वच्छीले तर कोणी बोटही नाही लावलं कधी, पहिला नंबर राहे तिचा." मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि दाराकडे पाहिलं. दाराच्या पलीकडे बाबांची खुर्ची होती. ती पुन्हा तेल लावायला लागली.

मावशी गेल्यावर मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. ते गॅलरीत पेपर वाचत होते. मी विचारलं, "बाबा, तुम्ही आईला मारलंत कधी?"

"वेड लागलंय का तुला?"

"हातावर?"

त्यांनी पेपर खाली केला. त्याची घडी घातली, पुन्हा घडी घातली. म्हणाले, "ते मारणं नव्हे. नवीन लग्न होतं आमचं. खेळ होता तो. तिने 'मले' म्हटलं की तिने हात पुढे करायचा आणि मी फूटपट्टी टेकवायची. तीच हात पुढे करायची. तुझी आजी, आत्या, सगळ्या असायच्या. सगळे हसायचे. तीही हसायची."

"किती दिवस चालला खेळ?"

"असेल वर्षभर. मग गरजच पडली नाही."

खालून भाजीवाला ओरडत गेला. बाबा म्हणाले, "हसायची ती, अनघा." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "हसायची." मी त्यांना 'हो' म्हटलं नाही. त्यांना तेवढंच हवं होतं, हे मला कळत होतं. मी आत निघून गेले. आजही कुणी मला म्हणतं की शेवटी वडील आहेत, त्या काळचं माणूस, त्यांनाही काय कळत होतं. मी ऐकून घेते. त्या काळची सगळी माणसं हातात फूटपट्टी घेऊन बसत नव्हती.

आई त्यानंतर दुसरा हिवाळा काही बघू शकली नाही. शेवटच्या महिन्यांत बोलणंही गेलं तिचं, आधी गोष्टी गेल्या, मग नावं, मग 'सुमे' गेलं. बाबा तिच्या खोलीत येत, औषधाची वाटी ठेवत, उशी सारखी करत आणि एक अक्षर न बोलता बाहेर जात. मंडळातले लोक भेटायला आले की म्हणत, सर किती शांतपणे सगळं करतात, केवढी सेवा. दादा दोनदा आला, दोन्ही वेळा बदामाची पाकिटं घेऊन. बाबांचं ते गप्प होणं लोकांना दुःख वाटलं. ते कुठल्या दुपारी सुरू झालं ते मला माहीत आहे.

गॅलरीतल्या त्या बोलण्याला काही दिवस झाले असतील. मी आईला भरवत होते आणि ती तोंड फिरवत होती. मायची वाट बघणं सुरू झालं होतं. बाबा दारात उभे होते, बराच वेळ. आत आले. पलंगाच्या कडेला बसले, खुर्चीवर नाही. मी पाहिलं तर त्यांच्या कपाळावर घाम होता. घसा साफ केला, आणि वर्गात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या पोरासारखे, शब्द वेगवेगळे पाडत म्हणाले, "माय... येऊन राहिली. तू... जेवून घे, वच्छे."

आईचं तोंड फिरवणं थांबलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून सगळं उतरून गेलं. दोन्ही हात तिने पदराखाली घेतले. हळू, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "'येत आहे' म्हणावं. 'येऊन राहिली' नाही म्हणत."

बाबा उठले. माझ्याकडे न बघता बाहेर गेले, गॅलरीचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मी ताटली बाजूला ठेवली आणि तिचे हात पदराबाहेर काढायला लागले, ते निघेनात. ती दाराकडे बघत होती. पुष्कळ वेळाने माझ्या कानाशी वाकली.

"गेला काय तो?"

"गेला."

"मंग बोल आता," आई म्हणाली.